मूठभर धान्य आणि तासभर वेळ

मूल शाळेंत घातलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें पुष्कळांस वाटतें. पटावर नांव असतें, वर्षाअखेर मूल वरच्या वर्गांत जातें, आणि आईबाप समाधान पावतात. परंतु त्याच मुलापुढें साधी गोष्ट ठेवून "वाच, बाळा," असें म्हटलें, तर कित्येकदां तें मान खालीं घालतें. २०१८ सालीं देशांतील खेड्यापाड्यांत घरोघरीं जाऊन पाहणी झाली, तेव्हां पांचवींतील सुमारें निम्म्याच मुलांना दुसरीचा धडा वाचतां आला.

दोष कोणाचा, ह्या वादांत आज शिरावयाचें नाहीं. एका बाकावरील तीन मुलें तीन ठिकाणीं अडलेलीं असतात. एकास अक्षरें ओळखतां येत नाहींत, दुसऱ्यास जोडाक्षर अडतें, तिसरें गोष्ट घडघडा वाचतें, पण बेरजेंत हातचा विसरतें. भरलेल्या वर्गांत एकट्या शिक्षकाला ह्या तिघांकडे निरनिराळें पाहण्यास सवड कोठून मिळणार? तशीं पाहणारीं माणसें गांवांतूनच मिळालीं पाहिजेत.

गांवाच्या हातून असें होईल काय, अशी शंका ज्यांस येईल त्यांनीं सातारा जिल्ह्याकडे पाहावें. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ सालीं ती साताऱ्यास आणिली. तेथील वसतिगृहांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवत; त्या काळीं हें सोपें नव्हतें. मुलें स्वतः राबत, आणि घरोघरून मूठ मूठ धान्य गोळा होई. एकदां अन्नाची अडचण पडली तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं आपलें मंगळसूत्र दिलें. ती गोष्ट आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतों, आणि मुठीची विसरतों. मंगळसूत्र एकदांच देतां येतें. मुठी मात्र पुन्हां पुन्हां द्याव्या लागल्या.

आज मुलांस मुख्यतः वेळ हवा आहे. १९९५ सालीं मुंबईंत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेच्या बालवाड्या वस्तींतील तरुण स्त्रियांनीं, मिळेल त्या जागेंत चालविल्या. पुढें ह्या संस्थेनें मुलांस इयत्तेप्रमाणें न बसवितां, जें येतें त्या पायरीप्रमाणें बसविण्याची रीत घातली. पायऱ्या सोप्या आहेत: अक्षर, शब्द, लहान उतारा, गोष्ट. मुलास एकटें जवळ बसवून वाचावयास दिलें म्हणजे पायरी लवकरच कळते.

"एकटें" हा शब्द मीं मुद्दाम लिहिला. मीं एकदां एका मोठ्या मुलीस सर्वांदेखत पहिलींतील मुलांत बसविलें. ती पुन्हां आली नाहीं. पुढें तिची थोरली बहीण तिला घरींच, चुलीपाशीं वाचावयास घेऊं लागली, तेव्हां गाडें चाललें. तें काम बहिणीनें केलें, मीं नव्हे.

अशी बहीण प्रत्येक मुलास नसते. पण शेजार असतो. बारावी झालेली सून, सेवानिवृत्त पोस्टमन, दहावींतील मुलगा, ह्यांपैकीं प्रत्येकानें एका दोघां मुलांस संध्याकाळीं तासभर जवळ घ्यावें. अक्षरशत्रु आजीसही काम आहे. मूल वाचीत असतां तिनें "मग पुढें काय झालें?" असें विचारीत बसावें. ज्या घरीं निवांत ओटा व चांगला दिवा आहे, त्यांनीं जागा द्यावी.

शाळेस वगळून मात्र हें करूं नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें सरकारी व अनुदानित शाळांतून व्यवस्थापन समिती नेमावयाची असते. सरकारी शाळेंत तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कांहीं ठिकाणीं ही समिती सह्यांपुरतीच उरते, ही खेदाची गोष्ट होय. कोणतें मूल कोठें अडलें आहे, हें वहींत टिपून समितीपुढें न्यावें, म्हणजे गुरुजींसही त्याचा उपयोग होईल.

येत्या आठवड्यांत एवढेंच करावें. आपल्या वाडींतील पांच मुलांस एकेकटें बसवून वाचावयास द्यावें, आणि प्रत्येकाच्या नांवापुढें त्याची पायरी व त्यास तासभर देणाऱ्या शेजाऱ्याचें नांव लिहावें. ज्या मुलास शेजारी मिळाला नाहीं, त्याचें नांव घेऊन पुढील बैठकीस यावें.