नळीतलं पाणी खरं बोलतं, पण कधी?

ताथवड्यात पशुसंवर्धन खात्याचं वळू माता प्रक्षेत्र सोडलं, तर मोकळी जमीन आता शोधावी लागते. बाकी सगळीकडे टॉवर आणि टॉवरखाली दोन-तीन मजली तळघरं. त्या खड्ड्यांच्या कडेला भूजलाची पातळी आणि दाब मोजणं, हे माझं पोटापाण्याचं काम. त्यात जे कळलं, ते असं.

१. भोकात पाणी दिसलं म्हणजे पातळी कळली, असं नाही.
आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, मग बसाल्टचा कातळ. कातळही एकसारखा नाही. कुठे भेगाळलेला, कुठे अखंड, मध्येच गेरूसारख्या लाल मातीचा पट्टा. प्रत्येक थरातल्या पाण्याचा दाब वेगळा असू शकतो. भोक वरपासून तळापर्यंत उघडं ठेवलं, की सगळ्यांचं पाणी एकत्र येतं आणि दिसणारी पातळी धड कुठल्याच थराची नसते. म्हणून पिझोमीटरच्या, म्हणजे एकाच थरातल्या पाण्याचा दाब मोजायला भोकात सोडलेल्या नळीला फक्त खालच्या टोकाशी चिरा, त्याभोवती वाळू आणि वाळूवर बेंटोनाइटचा थर. बेंटोनाइट भिजून फुगतं आणि वरचं पाणी अडवतं. सगळी घाई नेमकी इथेच होते. “साहेब, मातीच लोटून देऊ ना, वरून कोण बघतंय?” बघत कुणीच नाही. पण त्या नळीच्या पुढच्या नोंदींना मग काही अर्थ उरत नाही.

२. टेपचा पहिला आवाज धरू नका.
पातळी मोजायला नळीत सोडलेल्या टेपच्या टोकाला पाणी लागलं की वर तिचं रीळ वाजतं. पण नळीच्या ओल्या भिंतीला टोक घासलं तरी ते वाजतं. टेप थोडी वर घ्यावी, हलकेच पुन्हा सोडावी, आवाज आला तिथे नळीच्या काठाशी अंगठ्याचं नख रोवावं आणि मग आकडा वाचावा. दोन वेळा सेंटिमीटरपर्यंत जुळला, तरच वहीत. काठावर रंगाने बाण करून ठेवावा, म्हणजे उद्या दुसरा माणूस आला तरी तिथूनच मोजेल. नळी जमिनीच्या किती वर आहे, तेही लिहावं. आणि झाकणाला बारीक भोक हवंच. हवा कोंडली की नळीतलं पाणी मोकळेपणाने वर-खाली होत नाही.

३. डंपरपासून नळी वाचवा.
भोवती काँक्रीटचा कठडा, त्याला लाल रंग. बस.

४. महाग यंत्र म्हणजे बरोबर यंत्र नव्हे.
व्हायब्रेटिंग वायर पिझोमीटरमध्ये पातळ पडद्यामागे ताणलेली तार असते. पाण्याच्या दाबाने पडदा दबतो, तारेचा ताण बदलतो, तिची कंपनं बदलतात. त्यावरून दाब काढतात. चिकणमातीत, मातीच्या धरणाच्या गाभ्यात हेच हवं, कारण तिथे उघड्या नळीत पाणी फार सावकाश भरतं आणि दाब बदलल्याचं उशिरा कळतं. मात्र त्याचं फिल्टर आधी पाण्यात मुरवून हवा काढावी लागते. भेगाळ कातळातल्या तळघरासाठी माझं मत साध्या नळीलाच.

५. रिकामं तळघर होडीसारखं उचललं जातं.
पायाचा तळ भूजल पातळीच्या तीन मीटर खाली असेल, तर दर चौरस मीटरला तीन टनांची वरची उचल येते. राफ्ट, म्हणजे पायाची सलग काँक्रीटची लादी ओतली, की डिझेल वाचवायला उपशाचे पंप बंद करायची घाई सुटते, तेही ऐन जुलैत. वर पुरेसे मजले चढले नसतील, तर निर्णय नळीतल्या आकड्यावर घ्यावा, डिझेलच्या बिलावर नाही. डोंगरउतारावरही पावसाने मातीतल्या पाण्याचा दाब वाढला, की मातीची पकड सुटते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं, ते अशाच मुसळधार पावसात.

६. एका आकड्याला किंमत नसते.
१९७२ साली स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या ठरावीक निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते आणि आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. “यंदा पाणी चांगलंय” हे त्याशिवाय म्हणता येत नाही. आपल्या सोसायट्यांत मात्र बोअर आटली की थेट टँकरवाल्याला फोन, नाहीतर आणखी खोल बोअर.

ताथवडे, पुनावळे, वाकडच्या कमिट्यांना म्हणूनच सांगणं आहे. नवा पंप टाकताना बोअरमध्ये त्याच्या शेजारून एक बारीक नळी सोडून घ्या, नाहीतर टेप केबलला अडकते. दर महिन्याच्या एक तारखेला पहाटे, पंप सुरू व्हायच्या आधी पातळी मोजा. चालत्या पंपाचा आकडा जमिनीचा नसतो, पंपाचा असतो. वही वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा आणि कमिटी बदलली तरी ती तिथेच राहू द्या.