आकडी थांबेना तेव्हा आधी घड्याळ बघा

आमच्या डिंगोरे गावात कुणाला आकडी आली की पहिली पळापळ कांद्यासाठी होते. कुणी कांदा फोडतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं, कुणी दातखीळ उघडायला चमचा शोधतं. या गर्दीत घड्याळाकडं एकानं तरी बघावं, एवढं एकच मला सगळ्यांना सांगायचंय.

माझ्या पुतण्याला लहानपणापासून अपस्मार आहे. एरवी त्याची आकडी दोनेक मिनिटांत ओसरते. यात्रेच्या जागरणात गोळी चुकली आणि पहाटे आलेली आकडी थांबेचना. गाडीत घालून वाटेतल्या एका दवाखान्यात नेलं. तिथं सलाईनसाठी शीर सापडेना. पट्टा या दंडाला बांध, त्या दंडाला बांध, मग पायाला बघ, यातच वेळ गेला. शेवटी ‘पुण्याला न्या’ अशी चिठ्ठी मिळाली, पण औषध काही अंगात गेलं नाही.

नारायणगाव, मंचर, मग चाकणची कोंडी. मंचरच्या पुढं त्याचे झटके थांबले. वहिनी म्हणाली, निजला बिचारा. पुण्याच्या रुग्णालयातही ‘फिट येऊन गेली, झोपलाय’ म्हणून त्याला कडेच्या खाटेवर ठेवलं. बऱ्याच वेळानं एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पापण्या वर केल्या. दोन्ही बुबुळं एका बाजूला खेचलेली आणि बारीक थरथरत होती. उजव्या हाताचा अंगठा ठरावीक ठेक्यात उडत होता. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढल्यावर कळलं की अंग शांत झालं तरी मेंदूतली आकडी चालूच होती. पोरगा वाचला, पण आता दुकानात पाठवताना दोन जिनसाही चिठ्ठीवर लिहून द्याव्या लागतात.

बहुतेक आकड्या आपसूक थांबतात. पाच मिनिटांपुढं गेलेली मात्र स्वतःहून थांबण्याची शक्यता कमी होते, म्हणून जगभरचे मेंदूविकारतज्ज्ञ तिथून ती आणीबाणी धरतात. अर्ध्या तासापुढं मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका वाढतो. शिवाय आकडी शमवणारं औषध पेशीवरच्या ज्या जागांवर काम करतं, त्या जागा आकडी लांबत जाईल तशा आत ओढल्या जातात. पहिल्या काही मिनिटांत एका इंजेक्शननं जे काम होतं, ते तासाभरानं तीन औषधांनाही जड जातं.

आणि शीर सापडेपर्यंत थांबायची गरज नसते. अमेरिकेत रुग्णवाहिकांमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मांडीत मिडॅझोलम हे आकडी शमवणारं औषध टोचलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के, आणि शिरेतून तसलंच लोराझेपाम द्यायचं ठरलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत, आणखी औषध न लागता, आकडीतून बाहेर आले होते. स्नायूतलं इंजेक्शन पटकन देता येतं, हाच त्यातला फायदा. म्हणून ‘शीर मिळत नाही’ असं ऐकलं तर हात जोडून पण ठामपणे विचारा, “डॉक्टर, मांडीत देता येईल का? पुढं पाठवायच्या आधी पहिला डोस पूर्ण देणार ना? साखर तपासली का?” डॉक्टरांना विचारायचं म्हणजे आगाऊपणा, असं आपल्याकडं वाटतं. मला आता तसं अजिबात वाटत नाही.

घरी वापरायला मिडॅझोलमचा नाकात मारायचा फवाराही मिळतो. आपल्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे किती फवारे, हे लिहून घ्या. एक बाटली घरी आणि एक शाळेत बाईंकडं ठेवा. मुदत संपण्याची तारीख बघत जा. फाईलच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात वजन आणि चालू गोळ्या लिहा. आकडी किती वाजता सुरू झाली, कुठलं औषध कधी दिलं, हे त्याच वेळी पेनानं टिपा, कारण घाबरलेलं माणूस दहा मिनिटांना दोन मिनिटं म्हणतं. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. शक्य झालं तर आकडीचा व्हिडिओ काढा.

झटके थांबल्यावरही पाठ फिरवू नका. नावानं हाक मारा. हळूहळू ओ देतोय का, डोळे तुमच्याकडं वळतात का, हे बघत राहा. शुद्ध येत नसेल तर “हा झोपलाय की आत आकडी चालू आहे? ईईजी काढायचा का?” हे स्पष्ट विचारा.

तापात येणाऱ्या पोरांच्या आकडीलाही पाच मिनिटांचा हाच हिशेब लावा. पण आकडी आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल, बाई गरोदर असेल, माणूस पाण्यातून काढलेला असेल किंवा शुद्धीवर न येता दुसरी आकडी लागली असेल, तर पाच मिनिटंही थांबू नका. लगेच १०८ लावा.