संगणकाची सफाई

(वस्तूंची निगा राखली तर त्या पुष्कळ काळ टिकतात. बंद पडणारा एक जुना संगणक एका शाळेतील मुलांनी पुन्हा कसा चालू केला, याची हकीकत प्रस्तुत पाठात एका शिक्षकांनी सांगितली आहे.)



तुम्ही भर उन्हातून धावत आलात आणि कोणी तुमच्या नाकातोंडावर जाड रुमाल बांधला, तर काय होईल? तुमचा जीव गुदमरेल. तुम्ही मटकन खाली बसाल. आमच्या शाळेतील जुन्या संगणकाचे असेच झाले होते.

आमचे गाव अक्कलकुवा. ते सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरातच्या सीमेजवळ वसले आहे. काठीची होळी झाली की आमच्याकडे ऊन तापू लागते. शेते मोकळी होतात. जमीन कोरडी पडते. रस्त्यावरून ट्रक गेला की धुळीचा लोट उठतो आणि खिडकीतून थेट वर्गात येतो. बाकावरची धूळ दिसते, म्हणून आपण ती पुसतो. पण संगणकाच्या पेटीत शिरलेली धूळ कोणाला दिसते?

गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात आठवीची मुले शाळेच्या वार्षिक अंकाची तयारी करत होती. एका मुलीने आपल्या दादीकडून ऐकलेली गोष्ट संगणकावर लिहायला घेतली होती. गोष्ट संपत आली आणि एकाएकी पडदा काळा झाला. “सर, माझी गोष्ट गेली!” ती रडवेली होऊन म्हणाली. आम्ही संगणक पुन्हा चालू केला. दहा मिनिटांनी तो पुन्हा बंद पडला.

“आता हा भंगारातच द्यावा लागेल,” असे सगळे म्हणू लागले. पण नवा संगणक घ्यायला शाळेजवळ पैसे कुठे होते? मी पेटीला हात लावून पाहिला. ती चांगलीच तापली होती. आतला पंखा घरघर करत होता. या दोन खुणांवरून मला धुळीची शंका आली.

मित्रांनो, ज्या पेटीला आपण ‘सीपीयू’ म्हणतो, तिच्या आत प्रोसेसर नावाचा एक लहानसा भाग असतो. सगळी आकडेमोड तोच करतो. काम करताना तो तापतो. त्याची उष्णता बाहेर जावी म्हणून त्याच्यावर धातूच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्यांवर पंखा वारा घालतो. पट्ट्यांमध्ये धूळ साचली की वाऱ्याची वाट बंद होते. जणू उन्हाळ्यात कोणी अंगावर गोधडी टाकली! उष्णता फार वाढली की प्रोसेसर जळू नये म्हणून संगणक आपोआप बंद होतो. म्हणजे हे बंद पडणे हा संगणकाने आपला जीव वाचवण्यासाठी केलेला उपाय असतो.

उष्णता आणि कचरा हे संगणकाचे जुने शत्रू आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुरू झाला. त्यात काचेच्या हजारो निर्वात नळ्या होत्या. त्या दिव्यासारख्या तापत. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात तर ९ सप्टेंबर १९४७ रोजी ‘मार्क टू’ या संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही सफाईला लागलो. प्रथम संगणक रीतसर बंद केला. भिंतीवरचे बटण बंद करून पिन काढली. मग संगणकाचे बटण काही क्षण दाबून धरले. त्यामुळे आत उरलेली थोडीफार वीज निघून जाते. अर्धा तास पेटी निवू दिली. कोणती तार कोठे लागते, याचे चित्र त्याच मुलीने वहीत काढले. मगच आम्ही तारा काढल्या.

पेटी व्हरांड्यात टेबलावर ठेवली. सर्वांनी नाकाला रुमाल बांधले. काढलेले स्क्रू एका वाटीत जमा केले. बाजूचा पत्रा सरकवला आणि आत पाहतो तो काय! करड्या धुळीचा जाड थर, कोळ्याची जाळी आणि पालीच्या अंड्यांची टरफले. पट्ट्या तर दिसतच नव्हत्या.

आत हात घालण्यापूर्वी मी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श केला. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, हे तुम्ही पाहिले असेल. तशीच वीज आपल्या अंगावरही साचते. तिचा छोटासा झटकाही नाजूक भागांना मारक ठरतो. धातूला हात लावला की ती निघून जाते.

नव्या, कोरड्या, मऊ ब्रशने मी वरून खाली हलकेच धूळ झाडली. एक मुलगा तोंडाने फुंकर घालणार होता. त्याला मी थांबवले. फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात. ओले फडकेही चालत नाही. उरलेली धूळ आम्ही लहान ब्लोअरने, दुरून आणि थांबून थांबून उडवली. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले, कारण वाऱ्याच्या जोराने पंखा भलताच वेगाने फिरला तर तो बिघडू शकतो.

वीजपुरवठ्याची आतली डबी मात्र आम्ही उघडली नाही. पिन काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज साठलेली असू शकते. ती फक्त बाहेरून झाडली. तुम्हीही हे काम मोठ्या माणसांशिवाय कधी करू नका.

चित्र पाहून तारा जोडल्या. बटण दाबले. पंख्याची घरघर थांबली होती. संगणक सलग दोन तास चालला. त्या मुलीने गोष्ट पुन्हा लिहिली. या वेळी प्रत्येक परिच्छेद झाला की ती तो जतन करत होती.

आता एक कबुली देतो. दोष संगणकाचा नव्हता, माझा होता. पेटी मीच जमिनीवर ठेवायला सांगितली होती. रोज सकाळी झाडू मारला की धूळ तिच्यात शिरे. शिवाय संगणक चालू असतानाही मी पेटीवर कापड टाकून ठेवत असे. वाटे, हीच काळजी! आता पेटी उंच स्टुलावर, भिंतीपासून वीतभर दूर असते. कापड ती निवल्यावरच टाकतो. पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर सफाई करतो, कारण दमट हवेत धूळ ओलावा धरते आणि आतले भाग गंजतात.

प्रत्येक बंद संगणक सफाईने चालू होत नाही. एखादा भाग जळाला असेल तर जाणकाराकडे जावे लागते. संगणक अगदीच निकामी झाला तरी तो उकिरड्यावर टाकू नये. जुन्या यंत्रांत शिशासारखे विषारी धातू असतात. ते मातीत आणि पाण्यात मिसळतात. म्हणून असा कचरा अधिकृत केंद्राकडेच द्यावा.

मित्रांनो, एखादी वस्तू टाकाऊ ठरवण्यापूर्वी तिला हात लावून पाहा, तिचा आवाज ऐका. ती कदाचित मोडलेली नसेल. तिची निगा राखायची राहून गेली असेल.

शब्दार्थ
निगा – काळजी, देखभाल. गुदमरणे – श्वास कोंडणे. निवणे – थंड होणे. पतंग – (येथे) उडणारा कीटक. रीतसर – योग्य पद्धतीने. वीत – पसरलेल्या पंजाएवढे अंतर. जतन करणे – सांभाळून ठेवणे. निकामी – निरुपयोगी.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाला धुळीची शंका कोणत्या दोन खुणांवरून आली?
(आ) तारा काढण्यापूर्वी मुलीने काय केले?
२. कारणे लिहा.
(अ) तोंडाने फुंकर घालू नये. (आ) वीजपुरवठ्याची डबी उघडू नये.
३. ‘दोष संगणकाचा नव्हता, माझा होता,’ असे लेखक का म्हणतात?
४. उर्दूत धुळीला ‘गर्द’ म्हणतात. मराठीत ‘गर्द’ म्हणजे दाट. जसे, गर्द झाडी. हवा, जमीन, साफ यांसारखे दोन्ही भाषांत असलेले आणखी पाच शब्द लिहा.
५. उपक्रम : घरातील एका यंत्राची निगा कशी राखतात, ते विचारून पाच वाक्ये लिहा.