पेपरची गुंडाळी

माझ्या मनगटांवरचे ओरखडे पाहून ऑफिसात विचारायचं कुणी बाकी राहिलं नाही. म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

"दोन महिन्यांची आहे, सगळी इंजेक्शनं झालीत," असं कुत्र्याचं पिल्लू विकणारा छातीठोकपणे म्हणाला होता. तिसऱ्या दिवसापासून बुंदीने आम्हाला फाडायला घेतलं. पायाच्या अंगठ्याला लोंबकळायची, ओढणी धरली की फाटेपर्यंत सोडायची नाही. त्याला फोन केला तर, "मॅडम, लॅब आहे, चावणारच. तुम्ही लाडावून ठेवलीत. पेपरची गुंडाळी करा आणि नाकावर एक द्या." दिली. हो, मीच दिली. तेव्हापासून सकाळी दारात पेपर पडला की ती सोफ्याखाली, आणि कुणी हात पुढे केला की आधी गुरगुर, मग चावा.

लसीला नेली तेव्हा डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला, मागच्या हिरड्या अंगठ्याने चाचपल्या. "आणून किती दिवस झाले?" म्हटलं, दहा. "दाढा आत्ता कुठे फुटतायत हो. आज सहा आठवड्यांची असेल नसेल." मग कार्ड पाहिलं. तीन तारखा, एकाच निळ्या पेनाने एका दमात लिहिलेल्या. कुपीवरचं स्टिकर एकही नाही. आणि ते कार्ड मी प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपून ठेवलं होतं! तिथेच स्टुलावर बसून रडू आलं, रागाने.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे, ती उगाच नाही. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ सोडून जातं; दाताला लगाम घालायला पिल्लू तिथेच शिकतं. बुंदीची ती शाळा बुडाली, ती मला घरी चालवावी लागली.

दात लागला की हात झटकू नका, झटकलात की तिला आणखी चेव येतो. हात सैल सोडा, गप्प उठा, दाराबाहेर अर्धा मिनिट थांबा. परत आलात की दोरीचं खेळणं पुढे करा. दिवसातून वीस वेळा. आणि घरातल्या सगळ्यांनी. आमच्याकडे "खेळतेय गं ती" म्हणत हातानेच मस्ती करणारं एक माणूस होतं, त्यामुळे महिनाभराची मेहनत दोनदा पाण्यात गेली. संध्याकाळी सातला वेड लागल्यासारखी चावत सुटते ना, ती बहुतेक वेळा झोपेला आलेली असते. पिल्लांना दिवसाला १८-२० तास झोप लागते. तिला कोपऱ्यात शांत पडू द्या. चौथ्या महिन्यापासून दात बदलतात, तेव्हा ओलं फडकं पीळ घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि चघळायला द्या. बाकी धीर धरा, प्रेम द्या वगैरे सगळे सांगतातच.

रक्त आलं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि डॉक्टर गाठा, पिल्लू घरचं असलं तरी. त्या बोगस कार्डापायी मी दंडात रेबीजच्या पाच सुया घेतल्या: ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी.

बुंदी आता सात महिन्यांची आहे. हात चाटते. पेपर उलगडताना मात्र अजून उठून आत जाते.

विकणाऱ्याने मला ब्लॉक केलंय. नवऱ्याच्या फोनवर त्याचं स्टेटस दिसतं. परवा पाच पिल्लं होती, डोळे जेमतेम उघडलेली. खाली लिहिलेलं: दोन महिने, फुल व्हॅक्सिनेटेड.