संरोधाची जुळवणी

प्रस्तावना

तंबोरा जुळवितात, पत्रिका जुळवितात, दिवसअखेर गल्ल्याचा हिशेबही जुळवितात. क्रियापद एकच, परंतु प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ थोडा निराळा आहे. स्टिरिओ रिसीव्हरच्या पाठीमागे असलेल्या एका लहानशा बटणाविषयी बोलतानाही हेच क्रियापद वापरले जाते आणि तेथे ते वापरणाऱ्याची दिशाभूल करते. प्रस्तुत पाठ हा माहितीपर गद्याचा नमुना आहे. यातील गणित सोपे आहे. शब्दांकडे मात्र बारकाईने लक्ष द्यावे.

मूळ पाठ

घरात वडिलांच्या वेळची स्पीकरांची जोडी असते. जुना रिसीव्हर बंद पडतो आणि काटकसरीने साठविलेल्या पैशांतून एखादा वापरलेला रिसीव्हर विकत घेतला जातो. तारा जोडताना स्पीकरच्या पाठीवर '४ ओहम' असे अक्षर दिसते आणि रिसीव्हरच्या पाठीवर '४' व '८' असे दोन आकडे असलेले सरकते बटण. बटण कोठे ठेवावे? शेजारी म्हणतो, चुकले तर यंत्र जळेल. दुकानदार म्हणतो, काही होत नाही. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे.

'रोध' हा शब्द 'रुध्' म्हणजे अडविणे या संस्कृत धातूपासून आला आहे. विरोध, निरोध, अवरोध ही त्याचीच भावंडे. विजेचा प्रवाह तारेतून जाताना त्याला जो अडथळा होतो, तो रोध. गेओर्ग झिमोन ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध मांडला; रोधाच्या एककाला त्याचेच नाव मिळाले. स्पीकरमधील तारेचे वेटोळे मात्र प्रवाहाला सरळसाधा अडथळा करीत नाही. स्वर बदलला, म्हणजे विजेच्या कंपनांची वारंवारता बदलली, की अडथळाही बदलतो. अशा बदलत्या अडथळ्याला 'संरोध' म्हणतात.

म्हणूनच स्पीकरवर छापलेला '८ ओहम' हा आकडा एक नाममात्र आकडा होय. त्याच स्पीकरचा संरोध एखाद्या खर्जातील स्वराला ३० ओहमपर्यंत चढू शकतो आणि दुसऱ्या स्वराला साडेसहापर्यंत उतरतो. तो नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये असा आंतरराष्ट्रीय मानकाचा संकेत आहे. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरसाठी ६.४ आणि ४ ओहमच्या स्पीकरसाठी ३.२. मल्टिमीटर लावला तर त्यात केवळ तारेचा रोध दिसतो. तो छापील आकड्यापेक्षा कमी असतो, ८ ओहमच्या स्पीकरला बहुधा सहाच्या आसपास. तेवढ्यावरून स्पीकर बिघडला असे समजू नये.

आता रिसीव्हरकडे वळू. समजा, त्यातील अॅम्प्लिफायर स्पीकरला २० व्होल्टचा दाब देत आहे. स्पीकर ८ ओहमचा असेल तर अडीच अँपिअर प्रवाह वाहतो आणि ५० वॅट शक्ती मिळते. त्याच जागी ४ ओहमचा स्पीकर लावला, तर प्रवाह ५ अँपिअर आणि शक्ती १०० वॅट होते. आवाज वाढला म्हणून ऐकणारा खूश होतो. परंतु तो दुप्पट प्रवाह पुरविताना रिसीव्हरमधील ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर तापतात. शेजाऱ्याची भीती ती हीच.

बटण '४' वर सरकविल्याने रिसीव्हरचा संरोध स्पीकरशी जुळतो, असा बहुतेकांचा समज असतो. तसे होत नाही. ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरचा स्वतःचा संरोध एका ओहमचा लहानसा अंश इतकाच असतो. तो कशाशी जुळविण्याचे कारणच नसते. बऱ्याच रिसीव्हरांत हे बटण आतल्या वीजपुरवठ्याचा दाब कमी करते, एवढेच. वरच्या उदाहरणात २० व्होल्टचे १४ झाले, तर ४ ओहमच्या स्पीकरलाही ४९ वॅटच मिळतील आणि यंत्र थंड राहील. सुरक्षिततेच्या चाचणीत यंत्राचे तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नये, यासाठी निर्मात्यांनी ही सोय केली. तिला जुळवणी म्हणण्यापेक्षा लगाम म्हणणे अधिक रास्त ठरेल.

खरी जुळवणी पाहावयाची तर व्हॉल्व्हच्या जुन्या अॅम्प्लिफायरकडे जावे लागते. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर तर काही ओहमचाच. त्यामुळे मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवितात आणि त्याला ४, ८ व १६ ओहमसाठी वेगवेगळी टोके काढतात. तेथे स्पीकर ज्या आकड्याचा, त्याच टोकाला जोडावा लागतो. भाषा तेथून आली आणि यंत्र बदलले तरी तशीच राहिली.

लगाम लावण्याचीही किंमत मोजावी लागते. दाब कमी केल्यामुळे मोठ्या आवाजात लहरींचे माथे लवकर कापले जातात आणि स्वर फाटतो. असा फाटलेला आवाज बराच वेळ चालू राहिला, तर उंच स्वरांचा लहान स्पीकर जळू शकतो. म्हणून ८ ओहमच्या स्पीकरला बटण '८' वरच असावे. तेथे ते '४' वर नेल्याने शक्ती वाया जाते. स्पीकर ४ ओहमचा असेल, तर निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेत काय लिहिले आहे ते प्रथम वाचावे, विशेषतः यंत्राची हमी चालू असताना. पुस्तिका हाती नसेल आणि खोलीही लहान असेल, तर '४' वर ठेवण्यात शहाणपण आहे. बेताच्या आवाजात ऐकणाऱ्याला फरक बहुधा जाणवणारही नाही.

यंत्रे जळतात ती पुष्कळदा वेगळ्याच कारणाने. एकाच जोडणीला ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, की एकूण संरोध ४ ओहम होतो. ४ ओहमचे दोन जोडले, की अवघा २. बहुतेक घरगुती रिसीव्हरांना हा भार झेपत नाही आणि अशा वेळी पाठीमागचे बटण '४' वर असले तरी त्याचा भरवसा धरता येत नाही. तेच दोन स्पीकर एकापुढे एक, म्हणजे एकसर जोडले, तर ८ ओहम होतात. लग्नसराईत मांडवाच्या दुसऱ्या टोकालाही गाणे ऐकू जावे म्हणून घाईघाईने जादा स्पीकर जोडले जातात, तेव्हा हा हिशेब कोणी करीत नाही.

बटण सरकविण्यापूर्वी यंत्र बंद करून प्लग काढलेला असावा. अर्धा तास गाणे लावून मग रिसीव्हरच्या झाकणावर तळहात ठेवून पाहावा. तो टेकविता येत नसेल तर आवाज कमी करून जोडणी पुन्हा तपासावी, आणि झाकणावर घातलेला भरतकामाचा रुमाल आधी काढून टाकावा.

पाठगत प्रश्न

१. 'रोध' आणि 'संरोध' यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. लेखकाने बटणाला 'लगाम' का म्हटले आहे?
३. ६ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास एकूण संरोध किती होईल? एकसर जोडल्यास किती?
४. 'जुळविणे' हे क्रियापद तीन वेगळ्या अर्थांनी वापरून वाक्ये तयार करा.