आरोग्य-पाठ : आतड्याचा कॅन्सर आणि रक्ताची तपासणी



ऊस तोडणीला आला की नाही, हे नुसते पाचट बघून कोणी ठरवत नाही. शेतकी खात्याचा माणूस फडात येतो, रसाचे दोन थेंब काढून ब्रिक्स बघतो, मग तोडीचा क्रम लागतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात किंवा फुप्फुसात पसरला असेल, तर औषधही असेच तपासून ठरवायचे असते. महाग इंजेक्शन तेच चांगले, असे धरून कर्ज काढू नये.

दोन तपासण्या समजून घ्या.

पहिली, सीईए. कॅनडात गोल्ड व फ्रीडमन यांनी १९६५ साली हा पदार्थ शोधला. उपचार चालू असताना त्याचा आकडा अधूनमधून पाहतात. उतरत गेला तर बहुधा औषध लागू पडते आहे. चढत गेला तर स्कॅन करून खात्री करतात. मात्र विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तो मुळातच जास्त असू शकतो आणि केमोच्या पहिल्या काही आठवड्यांत उगाचही चढतो. म्हणून एकाच आकड्यावर औषध बदलू नये.

दुसरी, रक्तात उतरलेल्या गाठीच्या डीएनएची. ‘रास’ जनुकात बदल असेल, तर नेहमीच्या केमोबरोबर दिलेली सेटुक्सिमॅब, पॅनिटुमुमॅब ही औषधे गुण देत नाहीत. असा बदल सुमारे ४० ते ५० टक्के रोग्यांत असतो. बायोप्सीच्या तुकड्यावरही तो कळतो. पण तुकडा जुना असेल किंवा तेच औषध पुन्हा द्यायचे असेल, तेव्हा रक्त आजची स्थिती सांगते. इटलीतील ‘क्रोनोस’ अभ्यासात (२०२२) असे ५२ जणांचे रक्त तपासले. १६ जणांत औषधाला दाद न देणारे बदल निघाले. त्यांचे वायफळ औषध टळले. बदल नसलेल्या २७ जणांना औषध दिले, त्यांपैकी ८ जणांच्या गाठी लहान झाल्या.

रक्तात बदल दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असेही नव्हे. गाठीतून डीएनए कमी उतरला तर तपासणी चुकते.

तेव्हा लोणीचे प्रवरा रुग्णालय असो की मुंबईचे टाटा, जुने रिपोर्ट व बायोप्सीचा मेणातला ठोकळा बरोबर न्या आणि डॉक्टरसाहेबांना विचारा : रासची तपासणी झाली का? गाठीवर की रक्तावर, आणि कधी? रिपोर्ट आल्यावर औषधात फरक पडणार का? पडणार नसेल, तर तो खर्च कशासाठी, हेही न भिता विचारा.