०.३२ चं ०.३८५ कसं झालं?

एफ.ई.ला असतानाची गोष्ट. प्रॅक्टिकल होतं मिश्रण पद्धतीने तांब्याची विशिष्ट उष्माधारकता काढण्याचं. पुस्तकातलं उत्तर ०.३८५ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस. माझं आलं ०.३२! पार्टनर म्हणाला, "अरे, सिनियरचं जर्नल आहे ना? उतरव आणि चल कँटीनला." मी पेन उघडलंही होतं. तेवढ्यात सरांनी वही पाहिली आणि एवढंच म्हणाले, "उत्तर बदलू नकोस. उष्णता कुठे गेली ते शोध."

माझी रीडिंग्ज अशी होती: तांबं २०० ग्रॅम, उकळत्या पाण्यातून काढलेलं. कॅलरीमीटरमध्ये १५० ग्रॅम पाणी, २५ अंशांवर. तांबं टाकून ढवळल्यावर तापमान ३२ अंश. म्हणजे पाण्याने घेतले १५० × ४.१८ × ७ = ४३८९ ज्यूल. तांबं १०० वरून ३२ वर आलं, म्हणून ४३८९ भागिले (२०० × ६८), म्हणजे ०.३२.

पहिली चूक: कॅलरीमीटर विसरलो! ५० ग्रॅम ॲल्युमिनियमचं भांडंही ७ अंश तापलंच की. त्याचे ५० × ०.९० × ७ = ३१५ ज्यूल धरले. एकूण ४७०४. उत्तर ०.३५.

दुसरी चूक: १०० अंश मी मोजलेच नव्हते, शाळेतल्या सवयीने लिहिले होते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, तिथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. उत्तर ०.३६.

तिसरी चूक हाताची. गरम तुकडा दोऱ्याला लटकवून मी आरामात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला होता. तोवर हवेने आपला वाटा घेतला. प्रयोग पुन्हा केला, कॅलरीमीटर शेजारी ठेवून तुकडा झटकन टाकला. तापमान आलं ३२.५. उत्तर ०.३८५!

मी उड्याच मारल्या. सरांनी विचारलं, "थर्मामीटरवर सर्वात लहान भाग केवढा?" अर्ध्या अंशाचा. म्हणजे वाचताना पाव अंश इकडेतिकडे होणारच, आणि तेवढ्याने उत्तर ०.३७ ते ०.४० मध्ये कुठेही जातं. तापमानवाढच जेमतेम साडेसात अंश, मग दुसरं काय होणार? पाणी १०० ग्रॅम घेतलं असतं तर वाढ दहा अंशांच्या वर गेली असती आणि चूक कमी झाली असती.

जाता जाता एक युक्ती. १८१९ साली ड्युलाँ आणि पेती यांनी दाखवलं की बहुतेक घन धातूंचा अणुभार गुणिले विशिष्ट उष्माधारकता साधारण २५ येते. तांब्यासाठी ६३.५ × ०.३८५ = २४.४. पुस्तक न उघडताही उत्तर तपासता येतं.

जर्नलवर सही मिळाली, पण एक आठवडा उशिरा. खाडाखोड तशीच ठेवली आहे. सिनियरचं उतरवलं असतं तर उत्तर त्याच दिवशी बरोबर आलं असतं, आणि उष्णता कुठे गेली हे मला आजही सांगता आलं नसतं.